तुम्ही विचारलंत म्हणून: घोळक्यातच का?

"कितलानी शे सायकल?" या प्रश्नाला उत्तर देणं मी केव्हाच सोडलं. आकडा कोणताही सांगा, पुढचं वाक्य "एवढ्यात तर मोटरसायकल आली असती" हेच येतं. पण गेल्या आषाढापासून दुसराच प्रश्न मागे लागलाय. सायकल चालवायची तर चालवा, पण दर वेळी क्लबाचा घोळका कशाला? एकट्याने निघावं, वाटेल तिथे थांबावं, घरी यावं. घोळक्यात होतात म्हणून तर पडलात ना?

हो, घोळक्यात होतो म्हणूनच पडलो. हे आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं सांगताना मी काही लपवतोय असं वाटायला नको.

सपाट रस्त्यावर ताशी ३० च्या आसपास पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते. हवेसाठी लागणारी ही ताकद वेगाच्या घनाने वाढते. ३० चे ३३ करायचे तर वेग दहा टक्केच वाढतो, पण तेवढ्यासाठी ताकद तेहेतीस टक्के जास्त लागते. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर बसलात तर एकूण मेहनतीतला पाव ते तिसरा हिस्सा वाचतो. जळगावहून धुळ्याला पश्चिमेचा वारा तोंडावर घेत एकट्याला साडेचार तास लागत असतील, तर आठ जणांची नीट चालणारी रांग साडेतीन तासांत पोचते आणि पोचल्यावर माणसं बोलण्याच्या स्थितीत असतात.

"नीट चालणारी" हे महत्त्वाचं. नवा माणूस पुढे आला की हटकून जोर लावतो आणि रांग तुटते. पुढे आल्यावर वेग वाढवायचा नसतो, आहे तो टिकवायचा असतो. वारा असेल तर मिनिटभर, नसेल तर दोन मिनिटं ओढायचं, मग बाजूला होऊन पाय हलके करत शेपटाला जायचं. नजर पुढच्याच्या चाकावर नाही, त्याच्याही पुढच्या माणसाच्या कमरेवर ठेवायची. चढावर सीटवरून उठताना ओरडून सांगायचं, कारण उठताना सायकल वीतभर मागे येते आणि मागच्याचं चाक तिथेच असतं. हे सगळं मी गटाला शिकवायचो. हे मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे लागेल.

आषाढातला रविवार, धुळ्याहून साक्रीकडे, आठ जण. साक्री तालुक्यात पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्या दिवसांत पश्चिमेकडे तोंड केलं की वारा डाव्या गालावर बसतो. समोरून वारा असला तर आडोसा पुढच्याच्या पाठीमागे मिळतो, तिरका असला तर दुसऱ्या अंगाला. डावीकडून वारा म्हणजे आडोसा पुढच्याच्या उजव्या हाताला. बंद रस्त्यावरच्या शर्यतीत अशा वेळी रांग तिरकी पसरते, पुढचा वाऱ्याच्या काठाला आणि बाकीचे पायऱ्यांसारखे तिरके. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात. म्हणजे डावीकडून वारा आला की ही पायरी वाहतुकीत शिरते. तशी जागा नव्हती, म्हणून आम्ही साइडपट्टीतच, पांढऱ्या रेघेच्या आत राहिलो. पण अंग आडोसा शोधतंच. प्रत्येक जण थोडा थोडा उजवीकडे सरकला आणि अंतर कमी करत गेला.

नेर ओलांडल्यावर मी चौथा होतो. माझं पुढचं चाक तिसऱ्याच्या मागच्या चाकाच्या उजवीकडे, वीतभर आत गेलेलं. यालाच आम्ही ओव्हरलॅप म्हणतो आणि हेच करू नका म्हणून मी वर्षभर सांगत होतो. साइडपट्टीवर खडी सांडलेली होती. पहिला हात दाखवून उजवीकडे झाला, दुसरा झाला. तिसऱ्याच्या हातात नेमकी पाण्याची बाटली, त्यामुळे इशारा आला नाही. आवाज दिला असेल, पण कानात वारा भरलेला. तो हातभर उजवीकडे आला आणि टायरला टायर घासल्याचा आवाज झाला, ओल्या काचेवर बोट ओढल्यासारखा.

त्याला काहीही झालं नाही. पुढच्याला सहसा होतच नाही. कारण साधं आहे. सायकलचा तोल हँडलने सावरला जातो. डावीकडे कललात की चाक किंचित डावीकडे वळवून सायकल अंगाखाली आणता. मागचं चाक अडलं तरी हँडल मोकळं राहतं. माझं पुढचं चाक मात्र डाव्या अंगाने अडलेलं, म्हणजे डावीकडे पडायला लागल्यावर डावीकडे वळायला वावच नाही. त्यात हात घाबरून उजवीकडे वळतात, म्हणजे चाक अंगाखालून अजून निसटतं आणि आपण पुढच्याच्या चाकावर अजून रेलतो. करायचं असतं उलट. पायाचा जोर सोडायचा, पुढचा ब्रेक अजिबात दाबायचा नाही, घासणाऱ्या चाकावरच खांद्याने किंचित रेलून सायकल मागे घसरू द्यायची. हे मैदानात, गवतावर, चालण्याच्या वेगाने दोघा-दोघांनी सराव करून येतं. आम्ही तो सराव करायचो. मला तो त्या अर्ध्या सेकंदात आठवला नाही.

मी डावीकडे, खडीत पडलो. कोपर सोललं, बाकी ठीक. पाचवा माझ्या सायकलवरून गेला आणि उजव्या खांद्यावर पांढऱ्या रेघेवर आपटला. मागून तेव्हा कंटेनर येत नव्हता, एवढंच. गळ्याखालचं हाड हाताला टोचत होतं. अशा वेळी हात वर उचलून बघायचा नाही, खांदा "बसवायचा" नाही. कोपर छातीला लावून, गमछा मानेमागून घेऊन हात जागीच बांधला आणि १०८ ला फोन केला. त्याच्या हेल्मेटवर बाहेरून एक ओरखडा होता. आतल्या गाद्या काढल्यावर फोमला आरपार चीर दिसली. एकदा आपटलेलं हेल्मेट संपलं, मग बाहेरून कितीही कोरं दिसो.

माझ्या सायकलचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी मागची आरडी (रिअर डिरेलर) जिच्यावर लटकते ती छोटी पट्टी, आत वाकला होता. पडल्यानंतर निघण्याआधी मागे उभं राहून बघायचं: आरडीच्या दोन्ही छोट्या चक्र्या मागच्या दातऱ्यांशी (चाकावरच्या गिअरच्या चकत्यांशी) सरळ रेषेत आहेत का? नसतील तर सगळ्यात मोठ्या दातरीवर चेन टाकायची नाही. आरडीचा पिंजरा स्पोकमध्ये गेला की चाक, आरडी आणि कधी फ्रेमसुद्धा जाते.

मला हा प्रश्न खरा विचारला तो त्या पाचव्याच्या आईने. "तू त्याच्या पुढे व्हता ना?" एवढंच. चूक माझी, हाड त्याचं.

यावर माझंच एक जुनं वाक्य माझ्या समोर येतं. नव्या सभासदांना मी लिहायचो की गट म्हणजे रस्त्यावरची छत्री, आठ जण दिसतात तेव्हा ट्रकवाला अंतर ठेवतो. हे खोटं नाही. पण छत्रीच्या काड्या शेजारच्याच्या डोळ्यातही जातात, हे मी लिहिलं नव्हतं. एकटा असतो तर त्या दिवशी पडलो नसतो. पण एकटाच असताना अजिंठ्याच्या घाटात उतारावर पुढचं चाक बसलं असतं तर फोन कोणी केला असता? या दोन वाक्यांत मी वर्षभर झुलतोय. तुम्ही एकच निवडायला सांगता, मला जमत नाही.

बदल मात्र झाले. आडव्या वाऱ्यात आता चाराच्या वर रांग नाही, दोन रांगांत पन्नास मीटर, आणि वारा डावीकडून असेल तर आडोशाचा नादच सोडायचा. पुढच्याच्या थेट मागे, एक सायकलभर अंतर, लागला वारा तर लागू दे. बाटली काढायची ती फक्त शेवटच्या माणसाने.

आता डिसेंबरातला आठवडा, कारण खरं उत्तर तिथे आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडची मंडळी जमतात. तीच माणसं रस्त्यावर रांग असतात, शिवारात पांगतात आणि शर्यतीत एकमेकांची वैरी होतात. सोमवारी पहूरमार्गे फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट. त्यात सांगण्यासारखं एकच: वाटेत शेवभाजी खाऊन घाट चढू नका. तासाला साठेक ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक असतात, म्हणजे तासाला दोन केळी आणि राजगिऱ्याची एखादी वडी. केळ्याच्या मुलखात राहून परदेशी एनर्जी जेलची पाकिटं फोडणाऱ्यांना काय म्हणावं!

बुधवार-गुरुवार शिवाराचे. सातपुड्याच्या पायथ्याला, हतनूरच्या कालव्याकाठाने, केळीच्या बागांमधल्या गाडवाटांनी. यावल अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरायचं नाही, बाहेरही वाटा काही कमी नाहीत. इथे रांग नाही, चाकाला चाक नाही. ज्याला जसं जमेल तसं जायचं आणि प्रत्येक फाट्यावर शेवटचा येईपर्यंत थांबायचं.

या भागाचा खरा मालक बाभळीचा काटा. डिसेंबरात कापसाच्या गाड्या घासून जातात म्हणून रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या असतात, काट्या-काट्याला कापूस. तो फुकटचा कापूस खिशात ठेवा. ट्यूबचं टायर असेल आणि पंक्चर काढल्यावर पुन्हा हवा जात असेल, तर काट्याचं टोक टायरमध्येच मोडलेलं असतं. बोटाने चाचपू नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवा, जिथे धागा अडकेल तिथे टोक. आतून ढकला, बाहेरून चिमट्याने ओढा.

ट्यूबलेस असेल तर काटा दिसला की लगेच उपटायची सवय सोडा. बुच तेच आहे. मुक्कामी पोचून काढा, भोक खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे टायरमधलं सीलंट, भोक बुजवणारा तो चिकट द्रव, तिथे जमेल. २९ इंची, २.२ इंच रुंद टायरला १०० ते १२० मिली सीलंट लागतं. रोड सायकलच्या २८ मिमीला ४०-५० पुरतं. आपल्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांच्या आतच सुकतं. चाक काढून कानाशी हलवा, डुबडुब ऐकू आलं नाही तर भरा. पंप लावताना व्हॉल्व्ह घड्याळाच्या चारवर किंवा आठवर ठेवा. खाली असला तर सीलंट व्हॉल्व्हमध्ये शिरून चिकटतं. आणि एक पितळी प्रेस्टा अडॅप्टर जवळ असू द्या. गावच्या दुकानातला पंप आपल्या व्हॉल्व्हला बसत नाही, पण अडॅप्टर लावला की पेट्रोल पंपावरची हवा चालते. सत्तर किलोच्या माणसाला २.२ च्या टायरात पुढे २०-२२, मागे २३-२५ पीएसआय. हवा भरणाऱ्याला सांगूनही तो चाळीस भरतोच, मापाचा काटा आपणच बघायचा.

रात्री पाणी सोडलेल्या शेतावरून ओघळ वाटेवर येतो. काळी माती ओली झाली की वीस मीटरमध्ये चाक फ्रेमला चिकटून बसतं. तिथे पायडल मारणं म्हणजे हँगर मोडणं. उतरा, उचला, काडीने खरवडा. ठिबकच्या टाकलेल्या नळ्याही अशाच. मागच्या चाकात नळीचं टोक अडकलं की अर्ध्या फेऱ्यात आरडी स्पोकमध्ये. असं झालं तर आरडी काढून टाका, चेन तोडून छोटी करा आणि मधल्या अशा दातरीवर बसवा जिथे ती सरळ आणि ताठ बसेल. एकच गिअर, हलक्या पायाने, घरी. चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी एकाकडे असते, हँगर ज्याचा त्याचा असतो, कारण एका सायकलचा दुसरीला बसत नाही. एकट्याने शिवारात जाणारे, हे सगळं पाठीवर घेणार आहात का?

शनिवारी तोरणमाळ. शहादा, म्हसावद, राणीपूर आणि मग घाट, वर ११०० मीटरहून जास्त उंची. एकेक मिनिटाच्या अंतराने सोडतात, चिकटायला मनाई. पुढे ३४ दात, मागे ३४ दात, पायाची लय मिनिटाला ८० फेऱ्या असेल तर वेग ताशी १०. साठवर आलात तर साडेसात. मागे २८ चीच मोठी दातरी लावून येणारे घाटातल्या सातपायरीत चालताना दिसतात. पहिली दहा मिनिटं "हे फारच हळू चाललंय" असं वाटलं पाहिजे, नाहीतर शेवटची वीस मिनिटं मोजता मोजता जातात. उतरताना वळणावर एसटी आपल्या बाजूला आलेली असते हे धरूनच चला. ब्रेक दाबून ठेवू नका, दाबा-सोडा, वळणाच्या आधी.

रविवारी एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर, परवानगी काढून, गटशर्यत. तिथे आठवडाभर पंक्चर काढून देणारा माणूस तुमच्या चाकामागे आयता बसून शेवटच्या दोनशे मीटरला निघून जातो, आणि ते रीतसर असतं.

हाड जुळलेला तोही आला होता. शिवारात आमच्यासोबत होता, तोरणमाळला घड्याळ धरून उभा होता. रविवारी उतरला. सराव फेरीला तो माझ्या मागे बसला नाही, पुढे आला. दर वेळी उजवीकडे सरकताना हात दाखवत होता, रस्ता रिकामा असला तरी.