माऊस हाती बसेपर्यंत

शासकीय कर्मचाऱ्यांना संगणक अर्हता बंधनकारक झाली, तेव्हा परभणी जिल्ह्यातील जिल्हा परिषद शाळांत माझी निम्म्याहून अधिक नोकरी झाली होती. एमएस-सीआयटीसाठी सेलूच्या एका केंद्रात नाव नोंदवताना मला धास्ती होती ती कीबोर्डची. प्रत्यक्षात त्याची अक्षरे समोर छापलेली असल्याने तो लवकर आटोक्यात आला आणि अडलो ते माऊसपाशी.

फळा पुसायचे डस्टर धरावे तसा मी तो मुठीत आवळत असे. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर हवी, पण माझी नजर सारखी हाताकडे वळे. त्यातच टेबलाची कड आली की बाण पडद्याच्या मध्यावर अडकून राही. शिकवणारी मुलगी म्हणाली, "गुरुजी, माऊस उचला अन् परत मधी ठेवा. बाण जागचा हलत नाही बघा." माऊस स्वतःची जागा संगणकाला कळवत नाही, कोणत्या दिशेला किती सरकला एवढेच कळवतो, हे त्या क्षणी उमगले. पहिल्याच तासाला हे का सांगत नाहीत, कोण जाणे.

खरी परीक्षा डबल-क्लिकची होती. दोन क्लिकांच्या मध्ये बोटाच्या दाबाने माऊस किंचित सरके आणि फोल्डर उघडण्याऐवजी त्याचे चित्रच ओढले जाई. मनगट टेकवून केवळ तर्जनी हलवल्याने बराच फरक पडला. कंट्रोल पॅनेलमध्ये डबल-क्लिकचा वेग कमी केल्यावर सावकाश दिलेले क्लिकही चालू लागले. तेही न साधल्यास एकदा क्लिक करून एंटर दाबावे, काम होते.

बटण दाबून धरत वस्तू ओढण्याचा सराव सॉलिटेअरने करून घेतला. विंडोजमध्ये १९९० पासून असलेला हा पत्त्यांचा खेळ शिक्षकाने चारचौघांत खेळावा का, हा संकोच थोडे दिवस टिकला, इतकेच.

त्या वेळच्या माऊसमध्ये रबरी आवरणाचा गोळा असे आणि आमच्याकडच्या धुळीने आतील रुळांवर मळ साचून बाण अडखळे. तळाची चकती फिरवून गोळा काढायचा आणि मळ काडीने खरवडायचा. आताच्या प्रकाशाच्या माऊसला ही साफसफाई लागत नाही. मात्र काचेच्या टेबलावर तोही बहुधा अडखळतो, म्हणून खाली एखादी वही ठेवावी.