माळ्यावरचं बिऱ्हाड

गुहागर तालुक्यातल्या या घरात आम्ही गेल्या एप्रिलमध्ये राहायला आलो. घर ह्यांच्या आजोबांचं, चिऱ्याचं, कौलारू, ११ वर्षं बंद. वायरिंग, पंप, रंग महिन्याभरात उरकलं. वेळ लागला तो आधीपासून इथे राहणाऱ्यांची ओळख व्हायला.

तिसऱ्या रात्री माळ्यावर धपकन काहीतरी पडलं आणि पावलं वाजली. उंदीर इतका जड नसतो. पुढे रोज तेच: अंधार पडला की बाहेर, पहाटे परत. घराची कौलं शाकारायला येणाऱ्या गड्याला ह्यांनी कौलांतलं ते येण्या-जाण्याचं भोक आधी बुजवायला सांगितलं. शेजारच्या काकींनी ते दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडून ऐकलं. "वैनी, कांडेचोर आसंल. पिल्लां आसली तर आतच कोंडून मरतील. आदी बगा, मंग बुजवा."

कांडेचोर म्हणजे उदमांजर. बघायचं कसं, तेही काकींनीच शिकवलं. चुलीतली राख चाळून माळ्याच्या फळ्यांवर पातळ पसरली. सकाळी ठसे मोजले तर पाच बोटं. मांजराची चारच उमटतात. मग गडग्याच्या माथ्यावर विष्ठा दिसू लागली, जी मी इतके दिवस नुसती ओलांडत होते. तिच्यात जवळजवळ सगळ्या भेरली माडाच्या बिया. आगराच्या कडेला कुणी न लावलेली त्याची रोपं कुठून आली, ते तेव्हा कळलं. चार रोपं मी तण समजून उपटली होती, त्याचं अजून वाईट वाटतं.

बॅटरीला लाल जिलेटीन लावून आम्ही दोघं घरापुढच्या खळ्यात बसलो. पहिल्या दोन रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री साडेनऊला ती कौलांवरून आंब्याच्या फांदीवर उतरली. करडं अंग, डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटी जवळपास अंगाएवढी लांब. क्षणभर आमच्याकडे बघत थांबली. ती गेल्यावर माळ्यावरून बारीक चिवचिव ऐकू आली. पिल्लं होती. ह्यांनी माझा हात घट्ट धरला. दोघांच्याही मनात तो गडी आणि ते भोक होतं.

शाकारणी पुढे ढकलली. हे सोपं नव्हतं, कारण कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात येतो आणि त्या कोपऱ्याखाली धान्याची कणगी होती. कणगी हलवली. मे संपता संपता पिल्लं आईमागून बाहेर पडू लागली. नंतर सलग तीन सकाळी राख जशीच्या तशी राहिली, तेव्हाच कौलं बसवली. चौथ्या रात्री पाऊस आला.

सगळ्यांशी असं थांबून चालत नाही. चिऱ्यांचा ढीग हलवताना करवतीसारखी खरखर ऐकू आली आणि मी हात मागे घेतला. फुरसं होतं, विषारी साप, हातभरही लांब नाही. अंगाचे खवले एकमेकांवर घासून ते हा आवाज करतं. हा आवाज प्रत्येक नव्या माणसाने आधी शिकून घ्यावा. आता दगड काठीने हलवतो, आणि वनखात्याचा १९२६ हा नंबर दारामागे लिहून ठेवला आहे. चपला-बूट झटकून घालतो ते लाल विंचवासाठी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरायला सुरुवात केली, त्याआधीच्या काळातली दगावलेली पोरं काकींना अजून आठवतात.

पावसाच्या तोंडाशी पहाटे दोन सुरांची एक शीळ सुरू झाली. नवरंग. विणीसाठी तो याच दिवसांत कोकणात येतो. शीळ रोज ऐकू यायची, पक्षी मात्र अकराव्या दिवशी दिसला, मांगराच्या खोपीमागच्या पाचोळ्यात, पोटाखालचा लाल रंग चमकवत. वहीत मी तारीख लिहिली आणि शेजारी नुसतं 'दिसला' एवढंच.

मागच्या आठवड्यात मांगराच्या आढ्यावर पुन्हा पावलं वाजली. सकाळी सुपात राख घेऊन मी शिडी लावली.