फणसावरचा रुसवा

आज दिवसभर माझे मन एका फणसाच्या झाडापाशी घोटाळत राहिले आहे, आणि या वयात झाडावरून रुसून बसणे शोभत नाही हे कळत असूनही ते तिथून हलायला तयार नाही. ब्राझीलच्या इल्हा ग्रांदे बेटावर येऊन समुद्राविषयी लिहायचे सोडून मी फणसाविषयी लिहीत बसले आहे, हे ह्यांनी पाहिले तर ते हसतील. हसोत.

इथे यायचे ठरले तेव्हा घरात चर्चा होती ती फक्त माझ्या गुडघ्यांची, कारण या बेटावर मोटारी नाहीत. अंग्रा दोस रेइसहून निघालेली बोट अब्राओंच्या धक्क्याला लागली की सामान हातगाडीवर चढते आणि माणसे तिच्यामागून चालू लागतात. सरकारी कामाची मोजकी वाहने सोडली तर १९३ चौरस किलोमीटरच्या या बेटावर जायचे ते पायी किंवा होडीने. गुडघ्यांनी अजून तरी तक्रार केलेली नाही. त्याचे श्रेय त्यांना कोणी दिले नाही, पण तो विषय आज नको.

सकाळी आम्ही गावामागच्या रानवाटेने लाझारेतोच्या, म्हणजे जुन्या विलगीकरण ठाण्याच्या, अवशेषांकडे निघालो होतो. कुजत्या पानांचा दमट वास येत होता, वर कुठेतरी हाउलर माकडे घशातून गुरगुरत होती, आणि त्या सगळ्यात एकाएकी पिकलेल्या फणसाचा घमघमाट आला. झाड दिसण्याआधी मी ते ओळखले. बुंध्यापासून लगडलेले, काही फळे खाली फुटून पडलेली, त्यांवर माश्या घोंगावत असलेल्या. तेवढ्यापुरता माझ्या लेखी तो अटलांटिकचा किनारा राहिलाच नव्हता. मी पुढे होऊन खोडावर हात ठेवला. वाट दाखवणारा मुलगा कौतुकाने हसला आणि म्हणाला की हे झाड या रानातले नव्हे, परके आहे, आणि त्याने पलीकडचे दुसरे झाड दाखवले. त्याच्या खोडाभोवतीची साल पट्ट्यासारखी काढून टाकलेली होती, वर एकही पान नव्हते. झाड तोडले तर पडताना शेजारची चार मोडते, म्हणून ते असे उभ्याउभ्या वाळवतात, हे लेकीने मला इतक्या सहज आवाजात मराठीत सांगितले की मला तिचाही राग आला.

त्याने दिलेली कारणे अशी होती की त्यांना उत्तर नाही. एका फळात शंभराहून अधिक आठळ्या असू शकतात, त्या खालीच रुजतात, कुतिया नावाचा सशाएवढा प्राणी उरलेल्या दूर नेतो, आणि बघता बघता फणसांची अशी दाटी होते की खाली इथल्या मूळ झाडांची रोपे फारशी उरत नाहीत. फळे खाणारे प्राणी वाढतात आणि किडे खाऊन जगणारे मागे पडतात. ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे हे अटलांटिक रान मूळच्या विस्ताराच्या सुमारे १२ टक्के शिल्लक आहे, तेव्हा त्यात कोणाला राहू द्यायचे याचा हिशेब राखणाऱ्यांनी ठेवायचा नाही तर कोणी ठेवायचा? त्या मुलाचे म्हणणे मला खोडून काढता आले असते तर बरे झाले असते. मग मी रागावून मोकळी झाले असते. ते पटले, हीच अडचण झाली.

फणस काही आपल्या पायांनी इथे आला नव्हता, त्याला पोर्तुगीजांनी जहाजात घालून आणले, हे मी वाटेत दोनदा बोलून दाखवले. त्यानंतर त्याने काय गैर केले? जिथे लावला तिथे रुजला, फळला, पोरेबाळे वाढवली, आणि इतक्या पिढ्यांनंतर त्याची साल काढून त्याला सांगायचे की तू इथला नव्हेस. लेक म्हणाली, “आई, तू अजून फणसाविषयीच बोलते आहेस ना?” मी उत्तर दिले नाही. गेल्या महिन्यात त्या खिडकीसमोर झाले ते तिला माहीत आहे, आणि मला ते इथे लिहायचे नाही.

लाझारेतोच्या भिंतींपाशी हा रुसवा आणखी फुगला. कॉलऱ्याच्या भीतीने १८८६ साली इथे विलगीकरणाचे ठाणे सुरू झाले. नशीब काढायला समुद्र ओलांडून आलेल्या माणसांना रिओचा किनारा दिसण्याआधी इथे थांबावे लागे, आणि किती थांबायचे ते दुसऱ्याच कोणी ठरवायचे. मग त्याच इमारतीचा तुरुंग झाला. बेटाच्या पलीकडच्या अंगाला, दोइस रियोसला, त्याहून मोठा तुरुंग होता, तो १९९४ साली सुरुंग लावून पाडला. तुरुंगाच्या धाकाने बाहेरची माणसे या बेटाकडे फिरकली नाहीत म्हणून एवढे रान टिकले, असे तो मुलगा सांगत होता. त्यापूर्वी इथे ऊस आणि कॉफीचे मळे होते, म्हणजे गावाजवळचे हे रानही मळे मोडल्यावर पुन्हा उगवलेलेच आहे, हे ऐकून मला जरा हुरूप आला. पण ते आपल्याच बियांनी उगवले आहे. तीही फट बुजली.

दुपारी गावाकडे भावाला, अण्णाला, फोन केला. गाऱ्हाणे ऐकून कोणीतरी हळहळावे एवढीच माझी अपेक्षा होती. तिकडे रात्र झाली होती, अण्णा दमलेला होता, आणि माझे फणसपुराण संपेपर्यंत कसाबसा थांबून त्याने स्वतःचे सुरू केले: काजूचा हंगाम तोंडावर आला आहे, बिया गोळा करायला माणसे मिळत नाहीत, खालच्या डोंगरावरची वेंगुर्ला-४ यंदा मोहरली आहे पण दराचा भरवसा नाही. मी हुं हुं करीत ऐकत होते आणि मध्येच गप्प झाले. काजू ब्राझीलचा. ज्यांनी आमचा फणस इकडे आणला त्याच पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात उतरवला, आणि अण्णाने ज्या डोंगरावर कलमे लावली तिथे आमच्या लहानपणी ऐन, किंजळ आणि कुंभ्याचे रान होते. ते तोडले तेव्हा मी बागेचे फोटो मागवून इथल्या शेजारणीला कौतुकाने दाखवले होते. किंजळीसाठी घरातले कोणी हळहळले नव्हते. गोव्याच्या काजू फेणीला तर २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परक्याला इतक्या थाटाचा रहिवासी दाखला क्वचितच मिळत असेल.

अण्णाला हे सगळे सांगितले. तो म्हणाला, “मग आता काय करू म्हणतेस, बागायत तिकडे परत पाठवू? बिया गोळा करायला तिथून चार माणसे पाठव, मग बघू.”

तेव्हा मला हसू आले, आणि ते आल्यावर सकाळचा आव पुन्हा आणता येईना. आता उरली आहे ती एक बारीकशी चुटपुट, ती काही जाणार नाही.

रात्री खाणावळीत पाटीवर फणसाची कोशिन्या होती. मांसाऐवजी कोवळा फणस शिजवून, उकलून सारणात घालायचा आणि तळायचा, हे इकडच्या शाकाहाऱ्यांत चांगलेच रुळले आहे. मागवली. तळणी खुसखुशीत होती, सारणाला मात्र चव नव्हती. लेक टेबलाखालून पाय दाबत असतानाही मी आत जाऊन, तिलाच दुभाषी करून, मोहरी-मिरचीची फोडणी, ओले खोबरे आणि चवीपुरता गूळ असे सगळे त्या बाईंना सांगितले. बाईंना काप्या आणि बरक्यातला फरक ठाऊक होता, दोन्ही जाती इथे आहेत; चिकाने हात बरबटतात म्हणून त्या वैतागलेल्या होत्या, तेव्हा तेलाचा हात घ्यायला सांगितले. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, बी धरण्याआधीच उतरवली तर रुजण्याचा प्रश्न उरत नाही, हेही सांगून टाकले. एवढी झाडे वाळवत बसण्यापेक्षा सिंधुदुर्गातली एक पंगत बोलवा, हे लेकीने भाषांतरात गाळले असावे.

उद्या सकाळच्या होडीने लोपेस मेंदेसला जायचे ठरले आहे. तिथे मोठी लाट असल्यामुळे होडी पलीकडच्या पोउसोला सोडते आणि टेकडी चढून जावे लागते. पुढची तीन किलोमीटरची पांढरी वाळू पाहण्यासाठी ह्यांनी चार महिने धोशा लावला होता. बाईंनी मात्र मला सकाळीच स्वयंपाकघरात बोलावले आहे, दोन कुयऱ्या उतरवून ठेवते म्हणाल्या. हे अजून ह्यांच्या कानावर घालायचे आहे.