नुसतं लावतेस

मंगळवार, रात्रीचे अकरा

चिनूच्या आता लक्षातही नसेल. डबा उचलला, चप्पल सरकवली आणि दारातून म्हणाली, "आत्या, तू हे ऐकत नाहीस गं. नुसतं लावतेस." गेली. मी हातात उलथनं घेऊन उभी.

परवा तिनंच विचारलं होतं, तुझे सगळ्यात लाडके अल्बम सांग, मी बसमध्ये ऐकेन. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. पाच तरी होतील म्हणून वही घेऊन बसले आणि तिनावर अडले. 'कॉल ऑफ द व्हॅली'. किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. आणि बिस्मिल्ला खाँ-व्ही. जी. जोग यांची शहनाई-व्हायोलिनची जुगलबंदी, तीही फक्त दिवाळीच्या पहाटे. इतकी वर्षं इतकं संगीत ऐकलं म्हणते मी, आणि यादी तिनाची. पण तेव्हा काही टोचलं नव्हतं. आज सकाळी टोचलं.

लावतेस म्हणे. लावते, बरोबरच आहे. कुकर लावते, विरजण लावते, देवापाशी उदबत्ती लावते, तसंच हेही. सकाळी सातला फोन डब्यांच्या फळीवर टेकवायचा आणि कणीक भिजवायला घ्यायची. 'कॉल ऑफ द व्हॅली' म्हणजे काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा अख्खा दिवस. पहाटेच्या अहीर भैरवानं सुरू होते, मग नट भैरव, पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. सगळं मिळून जेमतेम चाळीस मिनिटं. म्हणजे माझी आमटी उकळेपर्यंत त्या बिचाऱ्याची रात्र झालेली असते. सकाळी पावणेआठला.

पण त्यात चूक काय? गाणारेसुद्धा तानपुरे लावतात, सूर लावतात. किशोरीताई सूर लावायच्या, मी किशोरीताई लावते. (हे सकाळी सुचायला हवं होतं. ती गेल्यावर सुचलं.)

दिवसभर ते वाक्य कुसासारखं रुतून राहिलं. शेवटी रात्री भांडी तशीच ठेवली, दिवा मालवला आणि कानात ते चिनूचं यंत्र घालून गॅलरीत बसले. हातात काही नाही. निवडायला मेथीसुद्धा नाही. आज ऐकायचंच.

पहिली दहा मिनिटं हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

मग भूप आला. शिवकुमार शर्मांचं संतूर. तारेवर काडी पडते आणि सूर थेंबासारखा सुटतो. या थेंबातून त्या थेंबात घसरत जाता येत नाही, मींड नाही. ऐकता ऐकता मी नकळत गुणगुणायला लागले आणि माझ्याच तोंडातून आलं, 'सहेला रे', किशोरीताईंचं.

मी थांबवलं. मागे नेलं. परत तेच.

अगं बाई, हाही भूपच की! सा रे ग प ध, तेच पाच सूर. ना मध्यम, ना निषाद. किशोरीताई गंधाराशी अशा थांबतात की पुढे जाऊच नये वाटतं, सगळं ओढत, घसरत, ओलं. इकडे तेच सूर सुटे सुटे, टिपरी वाजल्यासारखे. म्हणून कळलं नसेल? काहीतरी कारण हवंच मला. फोनच्या पडद्यावर रागाचं नाव लिहिलेलं असतं, मोठ्या अक्षरात. मी रोज त्याच्यावर कणकेचं बोट ठेवते.

आणि यातलं वाईट म्हणजे दोन्ही एकाच कॅसेटवर होते. दादाची ती साठ मिनिटांची टीडीके, वर हिरव्या शाईनं नुसतं 'काश्मीर' लिहिलेली. दुसऱ्या बाजूला भूप, देस, पहाडी झाल्यावर जागा उरली होती, तिथे त्यानं 'सहेला रे' भरलं होतं. टेप संपायची तिथे गाणं तुटायचं. मला कित्येक वर्षं वाटायचं, ते तिथेच संपतं. आता वाटतंय, त्यानं मुद्दाम तेच भरलं असेल का? की नुसतीच जागा होती म्हणून? दादाला जागा वाया गेलेली चालायची नाही हेही खरंच. आता कुणाला विचारणार.

कॅसेट भरून घेतलेली, त्यामुळे वेष्टण नाही, नावं नाहीत. त्यातला संतूर-बासरीखेरीजचा तिसरा आवाज मी सरोद समजत होते. ती गिटार आहे, ब्रिजभूषण काब्रांची, मांडीवर आडवी घेऊन तारांवर कांडी सरकवत वाजवलेली. त्यांचे गुरू अली अकबर खाँ, म्हणजे सरोदिये. तेव्हा मी अगदीच बहिरी नाही, एवढं समाधान. १९६७ ची ही रेकॉर्ड एचएमव्हीत ज्यांनी करवून घेतली ते जी. एन. जोशी म्हणजे आपले भावगीतवाले, 'शीळ' गाणारे, हेही मला फार उशिरा कळलं. आई त्यांचंच गाणं म्हणत चूल पेटवायची.

मे २०२२ मध्ये शिवकुमारजी गेले तेव्हा मी स्टेटस ठेवलं होतं, 'माझ्या सकाळी पोरक्या झाल्या.' शी. बत्तीस जणांनी हात जोडले होते.

नुसतं लावते हे खरंच. घरात एक आवाज हवा असतो सकाळी, आणि तो कुठलाही चालत नाही. बातम्या लावून पाहिल्या होत्या त्या वर्षी. ते असो.

भांडी उद्या.

बुधवार

चिनूला रात्रीच झोपेतून उठवून सांगणार होते, सकाळवर ढकललं. चहा घेताना दोन्ही भूप ऐकवले, अर्धा अर्धा मिनिट. म्हटलं, ओळख, दोन्हींत सारखं काय? ती म्हणाली, "दोन्ही झोप आणतात." मग जरा थांबून, "दुसरं बाबा म्हणायचा ना अंघोळ करताना?" आणि टोस्टला लोणी फासायला लागली. मी काही बोलले नाही.

ती गेल्यावर रोजच्यासारखं सुरू केलं. म्हटलं, आज भूप आला की हातातलं काम टाकून उभं राहायचं. गवार निवडायला घेतली, शिरा फार होत्या. मान वर केली तेव्हा पहाडी चालली होती. भूप कधी येऊन गेला कळलंही नाही.

भाजी मात्र कोवळी निघाली.