नाशिकहून लेह : बर्फावरच्या हॉकीसाठी जानेवारीत केलेला प्रवास

नाशिककरांना बर्फ दिसतो तो रसवंतीगृहातल्या गोणपाटाखाली, आणि निफाडचा पारा खाली गेल्याची बातमी आली की आम्ही त्यालाच कडाका म्हणतो. अशा गावात राहून आइस हॉकीचा नाद कसा लागला, असे मला आजवर अनेकांनी विचारले आहे. उत्तर साधे आहे : दहाव्या वर्षी मला चार चाकांचे स्केट मिळाले, गल्लीतल्या सिमेंटच्या अंगणात आम्ही बूट पॉलिशची रिकामी डबी पक, म्हणजे या खेळातली चकती, म्हणून वापरून खेळू लागलो, आणि पुढे केबलवर कधीतरी हाच खेळ बर्फावर चाललेला पाहिला. त्यानंतर खेळणे चाकांवर आणि पाहणे पडद्यावर, अशी चाळीस वर्षे गेली. व्हँकुव्हर ऑलिंपिकचा २०१० चा अंतिम सामना आमच्याकडे होळीच्या रात्री आला होता. चौकातली होळी विझून राख झाली तरी मी टीव्हीसमोर बसून होतो, आणि सिडनी क्रॉस्बीने जादा वेळेत गोल करून कॅनडाला अमेरिकेविरुद्ध ३-२ असा विजय मिळवून दिला तेव्हा १ मार्चची पहाट झाली होती. घरात जागे असलेले दुसरे कोणी नव्हते, त्यामुळे ओरडताही आले नाही.

पन्नाशी उलटल्यावर भाच्याला सोबत घेऊन लेहला जायचे ठरवले. देशात हा खेळ पाहण्यासाठी डेहराडूनच्या बंदिस्त रिंकसारखे (रिंक म्हणजे बर्फाचे मैदान) पर्याय आहेत, परंतु खेळ लोकांच्या रोजच्या जगण्यात मिसळलेला पाहायचा असेल तर लडाखला पर्याय नाही. तिथला हंगाम साधारणपणे डिसेंबरअखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असतो. नैसर्गिक बर्फावर बरेचसे अवलंबून असल्याने तारखा मागेपुढे होतात, म्हणून एखाद्या विशिष्ट सामन्यावर नजर ठेवून तिकीट काढण्यापेक्षा जानेवारीचा दुसरा पंधरवडा मोकळा ठेवणे शहाणपणाचे. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतील आइस हॉकीचे सामने २०२४ आणि २०२५ मध्ये लेहलाच झाले होते. अशा स्पर्धेच्या काळात जायचे असल्यास खोली महिनाभर आधी पक्की करावी.

नाशिकहून दिल्लीला ओझरच्या विमानतळावरून जाता येते किंवा नाशिक रोडवरून रेल्वेने. मार्ग कोणताही निवडला तरी दिल्लीत एक रात्र काढावी, कारण लेहची विमाने सकाळीच उतरतात. दुपारी दरीत वारा वाढतो. ढग दाटले तर विमान अर्ध्या वाटेवरून परत फिरते किंवा रद्दच होते, तेव्हा परतीच्या बाजूला किमान दोन दिवस राखून ठेवावेत आणि पुढच्या रेल्वेचे आरक्षण त्यानंतरचे करावे. हॉकीची स्टिक हातातल्या सामानात चालत नाही, ती गुंडाळून मोठ्या सामानात द्यावी लागते. कॅमेऱ्याच्या सुट्या बॅटऱ्या मात्र हातातच ठेवाव्यात. थंडीत त्या झपाट्याने उतरतात, त्यामुळे तिथे गेल्यावर त्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर; दिल्लीहून विमानाने ही उंची साधारण सव्वा तासात गाठली जाते, पण शरीराला त्यासाठी दोन दिवस लागतात. भाच्याने निघण्यापूर्वी महिनाभर रोज पांडवलेणीच्या पायऱ्या चढून तयारी केली होती आणि माझ्या पोटाकडे पाहून तो हसत असे. पहिल्या रात्री डोके धरून आडवा झाला तो हाच. विरळ हवेचा त्रास कोणाला होईल हे दमसासावरून ठरत नाही, हे तेव्हा कळले. पहिले दोन दिवस केवळ विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे, मद्य टाळावे आणि रिंककडे फिरकूही नये. विरळ हवेचा त्रास टाळण्यासाठीच्या डायमॉक्ससारख्या गोळीबद्दल निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी. डोकेदुखीबरोबर तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हिवाळ्यात लेहची बहुतेक हॉटेले बंद असतात आणि उरलेल्यांत नळ गोठलेले असतात. खोली ठरवताना पाणी बादलीने मिळेल की नळाने आणि रात्री खोली कशाने तापवतात, हे दोनच प्रश्न विचारावेत. आम्हाला फोनवर ‘चोवीस तास गरम पाणी’ सांगितले गेले होते. प्रत्यक्षात सकाळी एक बादली मिळे, आणि तीही मागितल्यावर. बुखारी (खोली तापवण्याची लाकूड-कोळशाची शेगडी) किंवा गॅसची शेगडी पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नये. विषारी वायूने जीव जाऊ शकतो. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. खिशात नाशिकचे बेदाणे आणि चिवडा असू द्यावा. बाकी थुक्पा (नूडल्सचे गरम सूप) आणि खंबीर ही लडाखी रोटी यांवर आमचे उत्तम निभावले. लोणी-मिठाचा चहा मला आवडला, भाच्याने पहिल्या घोटानंतर कप माझ्याकडे सरकवला.

तिसऱ्या दिवशी आम्ही लेहमधल्या करझूच्या रिंकवर गेलो. माझ्या डोळ्यांसमोर टीव्हीवरचे बंदिस्त स्टेडियम होते. इथे वर उघडे आकाश आणि भोवती ओसाड डोंगर. पण मला खरा खेळ दिसला तो रात्री. सगळे घरी गेल्यावर काही तरुण खरवडलेल्या पृष्ठभागावर नळीने पाणी सोडत होते. उणे पंधराच्या आसपास थंडीत ते पाणी पातळ थरांनी गोठत जाते आणि सकाळी आरशासारखा बर्फ तयार असतो. उन्हाने तो मऊ पडतो, म्हणून खेळ सकाळी लवकर नाहीतर ऊन कलल्यावर. पाहायला जाणाऱ्यांनी एकदा तरी हे पाणी घालणे पाहावे. पायांत दोन जाड मोजे आणि एक मापाने सैल बूट हवेत, कारण उभे राहिल्यावर थंडी तळपायांतूनच चढते.

लेहमध्ये हा खेळ सत्तरच्या दशकात लष्करी जवानांमुळे रुजला. लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून स्केट बनवल्याच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. भारताची राष्ट्रीय संघटना १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघात दाखल झाली. मुलींची वाट अधिक खडतर होती : लोकवर्गणीच्या आधाराने महिला संघ २०१६ मध्ये तैपेईला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशियाई कांस्यपदक घेऊन आला. आम्ही पाहिलेल्या सामन्यांत सर्वांत वेगवान सामना मुलींचाच होता.

प्रथमच पाहणाऱ्यांनी पकच्या मागे डोळे पळवू नयेत. जेमतेम साडेसात सेंटिमीटर रुंदीची ती रबरी चकती हरवतेच. त्याऐवजी बर्फावर आखलेल्या निळ्या रेषेकडे पाहावे. चढाई करणाऱ्याने पकच्या आधी ती रेषा ओलांडली की ऑफसाइड, आणि निम्म्या शिट्ट्यांचा उलगडा तिथेच होतो. दर पाऊण मिनिटाने खेळाडू कठड्यावरून का बदलतात, हेही त्या उंचीवर आपोआप समजते. आपल्याला तर नुसते पायऱ्या चढूनच धाप लागलेली असते.

मी खेळलोही, पण ते फारसे सांगण्यासारखे नाही. ओळखीने मिळालेले स्केट एक माप मोठे होते आणि पाती बोथट. चाकांवर मागचा पाय आडवा घासून थांबण्याची सवय बर्फावर उपयोगाची नाही. तिथे गुडघे वाकवून दोन्ही पाती एकदम आडवी करावी लागतात आणि बर्फ खरवडला गेला तरच माणूस थांबतो. मी कठड्यावर आदळून थांबलो. खेळू इच्छिणाऱ्यांनी स्वतःचे, धार लावलेले स्केट न्यावेत, त्यात एकच पातळ मोजा घालावा, हेल्मेट आणि कोपर-गुडघ्यांचे पॅड घालावेत आणि पहिल्या दिवशी वीस मिनिटांहून अधिक खेळू नये.

परतीच्या सकाळी ढग उतरले आणि विमान रद्द झाले. सामान खोलीवर टाकून आम्ही पुन्हा करझूला गेलो, तर तिथे लहान मुलांचा सराव चालला होता आणि त्यांचा गोलरक्षक तापाने घरी होता. ‘‘मामा, मी उभा राहू का?’’ असे म्हणत भाच्याने उसने पॅड बांधलेही. बारा वर्षांच्या पोरांनी त्याला तासाभरात अकरा गोल मारले, त्यातला शेवटचा दोन पायांमधून, आणि बाहेर येताना प्रत्येकाने त्याच्या पॅडवर स्टिक आपटून त्याला ‘जुले’, म्हणजे लडाखी नमस्कार, म्हटले. दुसऱ्या दिवशी विमान वेळेवर सुटले.