आमची वाटचाल : दारापुढच्या झाडांची नर्सरी

पुणे-सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोर सोडलं की उरळी कांचनपर्यंत दोन्ही अंगांना नर्सऱ्या लागतात. त्यातलीच एक आमची. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ती सुरू केली तेव्हा गिऱ्हाईक शेतकरीच होतं. आंबा, चिकू, सीताफळ, पेरूची कलमं टेम्पोत चढली की व्यवहार संपला. पुढं हडपसर-मांजरीकडं रो-हाउस उठू लागली आणि रविवारी गाड्यांतून वेगळीच मंडळी यायला लागली. "नवीन घर झालंय, पण दारापुढं अगदी बोडकं दिसतं. काय लावू?" हे इतक्या वेळा कानावर आलं की मी निम्मं शेडनेट शोभेच्या झाडांना दिलं. अण्णांना ते अजिबात पटलं नव्हतं. ज्याला फळ नाही त्याला कोण पैसे मोजणार, असं त्यांचं रोखठोक मत.

नव्या घराचं खरं दुखणं मातीत असतं. भिंतीलगतच्या वाफ्यात वर चार बोटं लाल माती आणि खाली विटांचे तुकडे, वाळलेला सिमेंट-वाळूचा माल, असा राडारोडा. सिमेंटमधल्या चुन्यामुळं झाडाला मातीतलं लोह घेता येत नाही. आणि लोकांना नेमका हवा असतो अनंत, नाहीतर इक्झोरा! दोघांनाही आम्लधर्मी माती लागते. अशा वाफ्यात त्यांची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. म्हणून आम्ही आधी दीड-दोन फूट खोदून राडारोडा काढायला सांगतो, पोयटा आणि कुजलेलं शेणखत भरायला सांगतो आणि मगच रोप देतो. काही जण वैतागून शेजारच्या नर्सरीत जातात. जाऊ देत.

मग विचारतो, दाराचं तोंड कुठं? लोकांना वाटतं, हा वास्तुशास्त्र काढतोय. पश्चिमेच्या दाराला एप्रिल-मेचं ऊन थेट भिंतीवर येतं, तिथं बोगनवेल, तगर, देशी जास्वंद टिकते. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, हे मात्र आधीच सांगून ठेवतो. उत्तरेच्या सावलीत नेचे, अॅग्लोनिमा. पूर्वेला माझी लाडकी कामिनी : छाटली तर कुंपण, सोडली तर लहानसं झाड, आणि सर पडून गेली की फुलांचा वास थेट बैठकीत. पोर्चचा काँक्रीटचा खांब डोळ्यांना टोचत असेल तर मधुमालती. फूल संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी, शेवटी लाल. फक्त कात्री हाताशी हवी, नाहीतर ती गच्चीवर पोचलीच म्हणून समजा.

काही झाडं आम्ही दारासाठी देत नाही. फायकसची मुळं ड्रेनेजच्या पायपात घुसतात. रांगतं मूल असलेल्या घरी कण्हेर नाही, तिचा प्रत्येक भाग विषारी. झटपट हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस मागतात, तोही नाही. गुजरात सरकारनं तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली.

सध्या सर्वांत जास्त मागणी कलमी सोनचाफ्याला आहे, कारण तो कुंडीतही फुलतो आणि बियांच्या रोपासारखी वर्षानुवर्षं वाट बघायला लावत नाही. ही कलमं अण्णाच बांधतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. गिऱ्हाइकानं फळाचं विचारलं तर हसतात. रोपं न्यायला जूनमध्ये, एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर या. मे महिन्यात वास्तुशांत असेल तर तेवढ्यापुरत्या भरलेल्या कुंड्या भाड्यानं देतो.