देवळे दगडाची, मग घरे मातीची का?

लोणारचे दैत्यसूदन मंदिर पाहून आमच्या गावी येणारे पाहुणे हमखास विचारतात, की चहूकडे काळा दगड पसरलेला असताना इथली जुनी घरे मातीची कशी? गरिबी हे उत्तर मला अर्धेच पटते, कारण पाटलांच्या गढीचे बुरूजही पांढऱ्या मातीचेच आहेत.

दगड फुकट मिळे; घडणावळ मात्र फुकट नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा बेसाल्ट इतका कठीण असतो, की एक चिरा काटकोनात आणताना पाथरवटाला छिन्नीची धार पुन्हा पुन्हा लावावी लागते. शिवाय दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही; आडवी टाकलेली लांब शिळा मधोमध तडकते, म्हणून हेमाडपंती मंडपात काय किंवा ग्रीकांच्या देवळांत काय, खांब जवळजवळ उभे करावे लागले. राहत्या घरात अशी अडचण कोण सोसणार? तिथे सागाची तुळई आणि वर कवेलू हेच सोयीचे होते.

अशी काटकसर राजांनीही केली. इसवी सनपूर्व २६००च्या सुमारास बांधलेल्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये बहुतेक दगड जवळच्या खाणींतला चुनखडक आहे. असवानहून नाईल नदीतून सुमारे ८०० किलोमीटर आणलेला ग्रॅनाइट प्रामुख्याने राजाच्या दफनकक्षासाठी वापरला आहे. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळेसुद्धा मृतांसाठीच रचलेली आहेत.

घरासाठी दगड लागला तो खाली. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया मुरूम लागेपर्यंत खणून दगडाने भरीत. जोतेही दगडाचेच असे, कारण मातीची भिंत थेट जमिनीवर उभी केली तर ती ओल शोषून बुडापासून ढासळते. भिंत दर उन्हाळ्यात लिंपता येते. पाया एकदा खचला की लिंपून काही उपयोग होत नाही. विहिरीच्या बांधणीत आणि नदीच्या घाटावर दगडच दिसतो, त्यामागेही पाणीच आहे.

म्हणून जुने घर पाडणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की जोत्याचे चिरे भंगाराच्या भावाने विकू नका. ते पुन्हा जसेच्या तसे बसवता येतात, आणि तसे चिरे हाताने घडवून देणारे कारागीर आता आमच्या भागात शोधूनच काढावे लागतात.